कानाआड राहिलेली पॉप-रॉक गाणी सुचवा (60 ते 80चं दशक)

सदाशिव_33: बीटल्स, क्वीन, ईगल्स पाठ आहेत. ॲपवर काहीही शोधा, तीच पन्नास गाणी फिरून फिरून पुढ्यात येतात. त्यांच्या तोडीची, पण मागे राहून गेलेली गाणी हवी आहेत. स्वारगेट ते हिंजवडी बसमध्ये इअरफोनवर ऐकायची आहेत. कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेला, त्यामुळे चाल आणि तालाबद्दल लिहिलंत तर फारच उत्तम. एकाच गाण्याच्या दहा-दहा नोंदी दिसतात, त्यातली कुठली ऐकायची तेही सांगा.

खर्ज: द झॉम्बीजच्या 'केअर ऑफ सेल 44'पासून सुरुवात करा. तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं पत्र आहे, आणि चाल मात्र लख्ख उन्हासारखी! पहिल्यांदा ऐकताना फक्त बास गिटारकडे लक्ष द्या. ती नुसता ठेका धरत नाही, गाण्याखालून स्वतःची वेगळी चाल वाजवत जाते. दुसऱ्यांदा आवाजांचे थर ऐका.

1967 साली हे गाणं इंग्लंडमध्ये चाललं नाही. पुढच्या वर्षी अल्बम बाजारात आला तोवर बँड फुटलाही होता. अल्बमचं नाव 'ओडेसी अँड ओरॅकल'. मुखपृष्ठ काढणाऱ्याने ओडेसीचं स्पेलिंग चुकवलं आणि तेच कायम राहिलं: ओ, डी, ई, एस, एस, ई, वाय. शोधताना हेच टाका.

स्पेलिंगवरून आठवलं, बिग स्टारचं 'सप्टेंबर गर्ल्स' (1974). त्यात गर्ल्सला आय नाही, यू आहे. मेम्फिसचा बँड, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण वितरणाच्या घोळात तबकड्या दुकानांपर्यंत धड पोचल्याच नाहीत. तीन मिनिटांच्या आतलं, गिटारच्या किणकिणत्या आवाजाचं इतकं नेटकं पॉप गाणं क्वचित सापडतं. बँगल्सने 1986 साली गायलंय तेही बरं आहे, पण आधी मूळ ऐका.

मात्रा_मोजणारा: तालासाठी निक ड्रेकचं 'रिव्हर मॅन', 1969. पाच मात्रांचं आवर्तन आहे. दोन आवर्तनं जोडून दहा मात्रांचा झपताल लावायचा मोह होईल, तो टाळा. टाळी-खाली न शोधता बोटांवर साध्या पाच मोजा. चारांची सवय असलेला पाय पाचव्या मात्रेवर अडखळतो. दोन-तीन वेळा ऐकलं की गिटारच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवते. व्हायोलिनचा ताफा जरा उशिरा येतो आणि गाण्याखाली पाण्यासारखा पसरतो. हे मात्र बसमध्ये ऐकू नका. आवाज इतका हळुवार आहे की इंजिनच्या घरघरीत अर्धा बुडेल.

सात मात्रा हव्या असतील तर पीटर गेब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' (1977). फार काही दुर्लक्षित नाही, पण सात मात्रांचा रूपक ताल ऐकलेल्या कानाला लगेच आपलंसं वाटेल.

सदाशिव_33: मनापासून आभार. 'सेल 44' लावलं, पण माझ्या इअरफोनचा एकच कान चालतो आणि काही आवाज गायबच वाटतात.

जुनी_तबकडी: ते होणारच. 60च्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ मिक्समध्ये गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात. एक कान बंद म्हणजे अर्धं गाणं गेलं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' असतो, तो चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन येईल. मोनो मिक्स वेगळं मिळत असेल तर अधिकच चांगलं.

नोंदींबद्दल: जुन्या बँडांनी स्वस्त संकलनांसाठी तीच गाणी पुढे पुन्हा गाऊन दिलेली असतात. लांबी मूळ गाण्यापेक्षा दहा-पंधरा सेकंदांनी वेगळी असेल किंवा ड्रमला नको इतका घुमारा असेल तर संशय घ्या. संकलन सोडून मूळ अल्बमचं पान उघडा. दोन रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारलेल्या आवृत्त्या) ताडून बघताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

आता माझी भर. बॅडफिंगरचं मूळ 'विदाउट यू' (1970). निल्सन आणि मराया कॅरी यांनी नंतर गायलेलंच सगळ्यांना माहीत असतं. बँडमधल्याच पीट हॅमचं एक अर्धवट गाणं आणि टॉम एव्हन्सचं दुसरं, असे दोन तुकडे जोडून ते झालं. मूळ गाण्यात ध्रुवपदाला आक्रोश नाही, म्हणून दुःख जास्त खरं वाटतं.

खर्ज: आणि आपल्याकडचं राहायला नको. रूपा बिस्वास यांचं 'आज शनिबार', 1982. बंगाली गाणं, कॅनडात कॅलगरीला ध्वनिमुद्रित झालेलं, सरोदवर आशिष खाँ. कित्येक वर्षं कुणी विचारलं नाही, 2019 साली हे गाणं असलेला अल्बम पुन्हा निघाला.

त्याच 1982चा चरणजित सिंग यांचा दहा रागांचा डिस्को अल्बम ऐकाच. गाणी नाहीत, नुसतं वादन. रोलंडच्या टीबी-303 या बेस यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, त्यामुळे मींडेचा भास होतो. पण यंत्राचे स्वर समान अंतराने बांधलेले, म्हणून भैरव रागातल्या कोमल रिषभाला आंदोलन, म्हणजे स्वराचा हळुवार झोका, मिळत नाही. तेवढी उणीव मनातून वजा करा आणि ललत रागापासून सुरू करा.