आंब्याच्या ओंडक्यावरचे काळे गोळे: बीजाणू दिसतात, पिशव्या दिसत नाहीत

रानवाट, सावंतवाडी
गेल्या वर्षी परसातला रायवळ आंबा पाडला, त्याचे ओंडके अजून तिथंच आहेत. या पावसात त्यांवर बुरशीचे सुपारीएवढे काळे, टणक गोळे आलेत. बोट लावलं की काजळी लागते. गणपतीच्या सुट्टीत शाळेचा मायक्रोस्कोप परवानगीनं घरी आणलाय. काजळी खरवडून पाण्याच्या थेंबात पाहिली, तर तपकिरी, एका बाजूनं चपटे बीजाणू दिसले. पण ज्या पिशवीत आठ-आठ बीजाणू असतात तो ॲस्कस एकही नाही! तीन दिवस स्लाइडवर स्लाइड करतेय. कुठं चुकतंय?

जुना_वनस्पतीवाला
ताई, काजळी म्हणजे बाहेर फेकून झालेले बीजाणू. पिशव्या तिथं कशा मिळतील? गोळा मधोमध कापा. आत कांद्यासारखी वलयं असली तर डाल्डिनिया ही बुरशी, नसली तर तिच्या नात्यातल्या हायपोझायलॉनच्या गोतात शोधा. काळ्या सालीच्या लगेच खाली बारीक कोठड्यांची रांग दिसेल. जुने गोळे बहुतेक रिकामेच निघतात, म्हणून ताजा घ्या. दाढीच्या ब्लेडनं कोठडी उघडा, आतला बुळबुळीत थेंब सुईच्या टोकानं उचला, कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या खोडरबरानं हळूच दाबा. कडेनं आयोडीन सोडलं की पिशवीच्या टोकाशी इवलंसं निळं कडं उमटतं. ते बघण्यासाठी मी आजही अर्धा तास सहज घालवतो.

शिवाय सालीचा कण १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवा, पांढऱ्या बशीवर. सुटलेला रंग लगेच टिपून ठेवा. या कुळात बीजाणूंइतकंच रंगावर ठरतं.

मायक्रॉन
मापं कुठायत? आधी नेत्रभिंगातली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे मापाच्या खुणा कोरलेल्या काचपट्टीवर, जुळवून घ्या, मग निदान २०-३० बीजाणू मोजा, समोर येतील तसे. देखणे निवडून मोजलेत तर सरासरी फसते. आणि तो क्षार, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, भिंगाला लागू देऊ नका, हातालाही नको.

रानवाट, सावंतवाडी
मिळाल्या! लांब देठाच्या पिशव्या, आत एका ओळीत आठ बीजाणू, शेंगेतल्या दाण्यांसारखे. निळं कडंही दिसलं, फार पुसट. कापल्यावर आत राखाडी-काळी वलयं आहेत. क्षारात जांभळा रंग सुटला, पिकल्या जांभळाच्या रसासारखा. ३० बीजाणू मोजले: लांबी ११ ते १३, रुंदी ५ ते ६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). क्षारातल्या स्लाइडवर काही बीजाणूंवरून पारदर्शक टरफल सुटताना पाहिलं, मी श्वास रोखून बसले होते. रात्री एक ताजा गोळा कोऱ्या कागदावर ठेवला होता, सकाळी भोवती काळं कडं.

जुना_वनस्पतीवाला
डाल्डिनियाच. ती बीजाणू मुख्यतः रात्रीच फेकते. वलयं, जांभळा रंग आणि ही मापं तिच्या एश्शोल्ट्झी या जातीला जुळतात, उष्ण प्रदेशात ती भरपूर आढळते. तरी वहीत 'बहुधा' लिहा, कारण टरफलावरची नक्षी बघायला तेलाचा थेंब घालून वापरायचं १०० पटीचं भिंग लागेल. दोन गोळे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, वर झाड, गाव, तारीख घाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा अजरेकर संग्रह आहे, तिथं विचारून बघा.

रानवाट, सावंतवाडी
पाकिटं केली. फणसाच्या फांदीवर राईएवढे नारिंगी ठिपके आलेत, उद्या ते घेते.