मदत हवी आहे: येशूच्या मोत्याच्या दाखल्यावर (बोधकथेवर) बोलायचंय

येत्या रविवारी गावातल्या प्रार्थनेत मला बायबलातल्या मत्तय 13:44-46 वर दहा मिनिटं बोलायचंय. त्यात येशू देवाच्या राज्याबद्दल सांगतो: एकाला शेतात लपवलेली ठेव सापडते, एका व्यापाऱ्याला मोलाचा मोती, आणि दोघंही आपलं सगळं विकून ते घेतात. ऐकणाऱ्या बहुतेक कापूस वेचणाऱ्या बाया, वाचता येत नाही, आणि वेचणीच्या दिवसांत रविवारची रोजी सोडून येतात, मला तर तेच मोठं अर्पण वाटते. मागच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "ज्याच्यापाशी इकाले काहीच नाई त्यानं काय करावं?" मी बायबलातलंच फिलिप्पै 3:7-8 वाचून पाहिलं, तिथं प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्तासाठी सगळं सोडलं, पण पौलापाशी सोडायला मान होता, शिक्षण होतं. गरीब विधवा आपल्याजवळची दोनच नाणी मंदिरात दान टाकते, ती बायबलातली गोष्ट नको, पैसे मागतोय असं वाटेल. मावशींना साध्या बोलीत काय उत्तर देऊ?