बोका नवं खाणं तोंडाला लावेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितेय. आमचा बोका सहा वर्षांचा, दूध अन् ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. (सासूबाईंचे लाड, दुसरं काय!) डॉक्टर म्हणाले, मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं, 10 दिवसांत हळूहळू कॅट फूडवर आणा. पाव हिस्सा नवं कालवून दिलं, तर पठ्ठ्या भाकर तेवढी निवडून खातो, दाणे ताटलीत तसेच! काल तर कशालाच शिवला नाही. उपाशी ठेवावं तर मांजराच्या यकृतावर चरबी चढते, म्हणून तेही नको. दाणे कोमट पाण्यात भिजवून, वर बिनमिठाचं, बिनकांद्याचं चिकनचं पाणी घालून कुणी दिलंय का? वासानं तरी खाईल? आमच्या घरात मटण-चिकन शिजत नाही, ही आणखी एक पंचाईत.