मृत्युदंडाची टक्केवारी: सूड मोजता येतो का?

आकडेमोड्या: दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझींना साथ देणाऱ्यांवर युरोपभर खटले चालले. त्यात न्याय किती आणि सूड किती, हे आकडे सांगतात असं माझं मत. फ्रान्समध्ये ६७६३ जणांना मृत्युदंड सुनावला, अमलात आला ७६७ जणांच्या बाबतीत. म्हणजे ११ टक्के. चेकोस्लोव्हाकियाच्या चेक प्रांतांत ७२३ पैकी ६८६, जवळपास ९५ टक्के. फ्रेंचांनी संयम पाळला, चेकांनी उट्टं काढलं.

खवचट वकील: छेद बघा आधी. त्या ६७६३ पैकी ३९१० जण खटल्याला हजरच नव्हते. जो सापडलाच नाही त्याला मारलं नाही, यात संयम कसला? उरले २८५३. आता भागा.

आकडेमोड्या: २७ टक्के. तरी ९५ कुठे नि २७ कुठे!

खवचट वकील: चेक जन-न्यायालयांत, म्हणजे अशा खटल्यांसाठीच्या खास न्यायालयांत, अपीलच नव्हतं. निकालानंतर दोन तासांत फाशी, दोषीने मागितला तर आणखी एक तास. दयेच्या अर्जानेही फाशी थांबत नसे. फ्रान्समध्ये हंगामी सरकारचे प्रमुख द गॉल अनेकांची शिक्षा कमी करत होते. तुमची टक्केवारी नियमावली मोजते, न्यायाधीशांचा राग नाही.

निवांत: अहो, पण दोन तासांचा नियम लिहिला कोणी? सूड नियमातच आहे! चेक प्रांतांतला बडा नाझी अधिकारी कार्ल हेर्मान फ्रांक याला २२ मे १९४६ ला प्रागच्या पांक्राट्स तुरुंगात हजारो लोकांसमोर फासावर चढवलं. याला काय म्हणायचं?

उगाच शंका: आणि न्यायालयाबाहेरचे मृत्यू? फ्रान्समध्ये असे सुमारे ९-१० हजार लोक मारले गेले, बरेचसे खटले सुरू होण्याआधीच. ते वरच्या कुठल्याच आकड्यात नाहीत. उलट नॉर्वे बघा: मृत्युदंड अमलात आला असे नॉर्वेजियन फक्त २५, पण लाखामागे ६३३ जण तुरुंगात. फ्रान्समध्ये ९४. नॉर्वेत तर नाझींचा साथीदार क्विसलिंग याच्या पक्षाचं नुसतं सभासदत्वही गुन्हा होता. मग कठोर कोण?

आकडेमोड्या: म्हणून तर देशांची तुलना सोडून तारखा लावून बघा म्हणतो. १९४५ च्या शिक्षा कडक, १९४८ च्या सौम्य. राग निवत गेला, एवढं तरी दिसतं ना?

खवचट वकील: खबरे, छळ करणारे आधी उभे राहिले, कारण साक्षीदार समोर होते. जर्मनांना माल पुरवणारे कारखानदार नंतर, हिशेबाच्या वह्या तपासून झाल्यावर. राग निवला की आरोपी बदलले, हे तारखेवरून कसं ठरवणार?