केळीचा धागा रेझिनमधून सुटतोय, कॉस्टिक वाढवू का?

रबाळेकर:
रबाळे एमआयडीसीत आमचं एफआरपीचं (तंतू घालून मजबूत केलेलं प्लास्टिक) छोटं वर्कशॉप आहे. काचतंतूंच्या ग्लास मॅटऐवजी केळीचा धागा घालून हलके पॅनल काढून बघतोय. रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) साधं पॉलिएस्टर, हँड ले-अप, म्हणजे साच्यावर हातानं थर देऊन. तुकडा मोडला की धागा तुटत नाही, सुळकन अख्खा बाहेर येतो, रेझिनचा कणही अंगाला नाही. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, नळाखाली खंगाळून उन्हात वाळवला होता. आता १५ टक्के करू?

जुना प्रोसेसवाला, ठाणे:
अजिबात नको. कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये माझी हयात गेली. कापसाला चकाकी आणणाऱ्या मर्सरायझिंगला पुष्कळ कडक कॉस्टिक लागतं हे खरं, पण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. केळीच्या धाग्यात आतल्या तंतूंना हेमिसेल्युलोज आणि लिग्निनच धरून ठेवतात. वरचं मेण, पेक्टिन निघालं की धागा खरबरीत होतो, रेझिनला पकड मिळते. त्यापुढे गेलात तर धाग्यातलाच जीव जाईल. लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक फ्लेक्स, म्हणजे तुमचे ५ टक्केच, त्यात ५० ग्रॅम धागा, बस.

मला संशय धुण्याचा आहे. धागा बोटांना बुळबुळीत लागतोय तोवर कॉस्टिक आत आहे, आणि ते पॉलिएस्टरचे एस्टर बंध तोडतं. धुण्याच्या शेवटी पाण्यात किंचित ॲसिटिक ॲसिड, मग पुन्हा साधं पाणी, पीएच पेपर ७ दाखवेपर्यंत. आणि उन्हात वाळवणं? आपल्या खाडीकाठच्या हवेत? ओव्हनमध्ये ८० अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा आणि काढल्या काढल्या रेझिन लावा.

भांडं ॲल्युमिनियमचं नको, हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही.

लॅमिनेटवाली:
काकांशी सहमत. एवढं करूनही सुटला तर सिलेन (धागा आणि रेझिन जोडणारं रसायन) बघा. फक्त अमिनो सिलेन गळ्यात मारून घेऊ नका, ते इपॉक्सीला ठीक. पॉलिएस्टरला मेथाक्रिलॉक्सी किंवा व्हिनाइल सिलेन, त्याचा दुहेरी बंध रेझिनबरोबरच क्युअर होतो, म्हणजे घट्ट होताना त्यात जोडला जातो. महाग पडतं, म्हणून आधी धुणं सुधारा.

रबाळेकर:
काका, उरलेला धागा भिजवून पिळला. पेपर निळसर झाला, ९ च्या आसपास! आता हे धुण्याचं तपकिरी पाणी कुठे सोडू?

जुना प्रोसेसवाला, ठाणे:
नाल्यात तर नाहीच. न्यूट्रल करून सीईटीपीकडे, म्हणजे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे. पण आधी प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचा (परवानगीचा) कागद काढून बघा. एफआरपीच्या वर्कशॉपला प्रक्रियेचं सांडपाणी बहुधा शून्य लिहिलेलं असतं. तसं असेल तर धागा बाहेरच्या प्रोसेस हाउसकडून जॉबवर्कवर करून घ्या, धुण्यासकट.