शिवसुमनची सगळी पानं गळाली, रोप गेलं का?

गच्चीवाली: नमस्कार मंडळी, मैत्रिणीने शिवसुमनची कटिंग दिली होती, पावसाळ्यात कुंडीत मस्त फोफावली आणि सप्टेंबरात फुलंही आली, काय रंग आहे हो, मरून चांदणी, त्यावर पिवळे ठिपके आणि पाकळ्यांच्या कडेला बारीक लव. पण जानेवारीपासून एकेक पान गळत आता नुसत्या राखाडी हिरव्या कांड्या उरल्यात, रोज पाणी घालतेय तरी फरक नाही. रोप गेलं का? सासरे म्हणतायत पुढच्या महिन्यात शिवनेरीला जातोय तर तिथलंच अस्सल रोप घेऊन येऊ. आणू का?

कातळवेडा: ताई आधी ते रोजचं पाणी बंद करा, त्यानेच कांड्या कुजतील. पानं गळणं हा याचा स्वभावच आहे, कड्याच्या कपारीत चिमूटभर मातीत वाढणारं झाड हे, पावसाळा संपला की पानं टाकून जाड कांड्यांतल्या पाण्यावर उन्हाळा काढतं. कांडी दाबून बघा, टणक असेल तर जिवंत आहे, मऊ आणि काळपट लागली तर तेवढा भाग कापून टाका. पाऊस सुरू झाला की परत पानं फुटतील. कुंडीत वाळू आणि विटांचे तुकडे भरपूर हवेत.

घाटपायवाट: शिवनेरीवरून कृपा करून काहीही आणू नका, सासऱ्यांनाही समजावून सांगा. हे झाड जगात फक्त महाराष्ट्रात आहे, तेही शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने 1860 च्या दशकात याचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिलं, शिवसुमन हे नाव शिवरायांच्या जन्मस्थानामुळे. वणवा लागला, दरड कोसळली, शेळ्या पोचल्या की तिथली झाडं कमी होतात, त्यात आपण अजून उपटायची का? आणि तुमच्या कुंडीत आहे तेही अस्सलच आहे.

रोपवाटिका_नाद: पण कटिंग तर सहज जगते, लोकांनी घरोघरी लावलं तर वाचेलच की.

घाटपायवाट: लावा की, जरूर लावा, त्याने कड्यावरून चोरायचा मोह तरी कमी होतो. पण एकाच झाडाच्या कटिंग शंभर घरांत गेल्या तरी जनुकांनी ते एकच झाड राहतं. कड्यावर माश्या परागीकरण करतात, मग शिंगांसारख्या शेंगा धरतात, त्या उकलल्या की रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर उडतं आणि एखाद्या भेगेत रुजतं, ते सगळं कुंडीत होणार नाही. म्हणून कडे वाचले पाहिजेत, वणवे थांबले पाहिजेत, हे मी प्रत्येक ट्रेकला सांगतो आणि सांगत राहणार.

गच्चीवाली: कांड्या टणक आहेत!! पाणी आजपासून बंद. सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला, ते आता फक्त फोटो काढणार म्हणतायत.

कातळवेडा: छान. फोटोसाठी पावसाळ्याच्या शेवटी जाऊ दे त्यांना, फुलं तेव्हाच असतात, आणि दुर्बीण न्यायला सांगा, कड्याच्या टोकाशी वाकून फोटो नकोत. अजून एक, पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसली तर लगेच औषध मारू नका, फुलपाखरांच्या अळ्या हीही पानं खातात. थोडी पानं गेली तरी झाड सावरतं.