‘क्ष’मधून ३ वजा केले, तर आलेख उजवीकडे काहून जाते?

कोरडवाहू_मास्तर (दर्यापूर): य = क्ष² चा आलेख अकरावीची पोरं डोळे मिटून काढतात. य = क्ष² + ३ दिलं की ३ घरं वर, हेही पटतं. पण (क्ष − ३)² आलं की अर्धा वर्ग आलेख डावीकडे ओढतो. वजा म्हणजे डावीकडे, त्यांचं तरी काय चुकलं? माझं मत, ‘कंसातलं सगळं उलट’ हे पाठ करून घेणं बंद करा.

क्लासवाला_वर्धा: सर, नाही पटलं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. मराठीतून दहावी झालेलं पोरगं आधीच इंग्रजी पुस्तकाशी झटतंय. कंसाबाहेर सुलट, कंसात उलट, एवढ्यावर माझी पोरं सुटतात.

पराटीवाला: उलट काही नाही जी त्यात. आमच्या विजेच्या फीडरवर लाइन मांगच्या हप्त्यात सकाळी ८ ले येत होती, आता ११ ले येते. लाइन आली का मोटर सुरू, अन् विहिरीचं पानी उतरते. दोन्ही हप्त्याचा विहिरीच्या पाण्याचा आलेख काढा. आज ११ ले विहिरीत तेवढंच पानी, जेवढं तवा ८ ले होतं. मंग आजचं पानी सांगाले घड्याळातून ३ वजाच करा लागन नं? अन् चित्र गेलं ३ तास पुढं. फ म्हंजे वेळेवरून पानी सांगणारं सूत्र धरा, मंग हेच तुमचं फ(क्ष − ३).

कोरडवाहू_मास्तर: भाऊ, हे उद्या फळ्यावर!

क्लासवाला_वर्धा: विहीर झकास. पण फ(२क्ष − ६) द्या. ६ सरकवायचं की ३, हे विहीर सांगते का?

कोरडवाहू_मास्तर: विहीर नाही, शून्य सांगतं. इथं फ म्हणजे वर्ग धरा. (२क्ष − ६)² शून्य कुठं होतं? क्ष = ३ ला. आधी ६ उजवीकडे सरकवा, मग आडवं निम्मं आखडा, टोक ३ वर येतं. आधी आखडून मग ६ सरकवलं तर ते ६ वरच बसतं, चुकलं. तेव्हा ३ च सरकवायचं. मी स्वतः फळ्यावर हे चुकलोय. मागल्या बाकावरच्या पोरीनं पकडलं. तुमच्या नियमात क्रम कुठाय?

पराटीवाला: अन् फ(−क्ष) ले काय उलट करता?

क्लासवाला_वर्धा: तो वेगळा नियम. उभ्या अक्षावर आरसा. −फ(क्ष) ला आडव्या अक्षावर. दोन्ही पाठ.

पराटीवाला: म्हंजे झाले चार.

क्लासवाला_वर्धा: शून्याची युक्ती घेतो, सर. बाकी परीक्षेनंतर बोलू.